बहुविषयक सांघिक ज्ञानस्पर्धा : माध्यमिक विद्यार्थ्यांची पूर्वतयारी (कृष्णपुरा, इंदूर या परिसराच्या आधारे एक अभ्यासपाठ)

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान, भाषा व कला हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकतो. एका विषयात मिळविलेले ज्ञान दुसऱ्या विषयात उपयोगी पडते, ही जाणीव त्याला क्वचितच करून दिली जाते. बहुविषयक सांघिक स्पर्धेचे खरे प्रयोजन ही उणीव भरून काढणे हे आहे. अशा स्पर्धेत शाळेचा एक संघ अनेक विषयांची परीक्षा एकत्रितपणे देतो आणि यश एकट्याचे न राहता सर्वांचे ठरते. मात्र पूर्वतयारी योग्य रीतीने झाली नाही, तर वर्गातील दोन-तीन हुशार मुलांनी पाठांतराच्या बळावर पारितोषिक मिळवावे व इतरांनी टाळ्या वाजवाव्यात, एवढेच तिचे स्वरूप उरते. म्हणून या तयारीचा पद्धतशीर विचार होणे अगत्याचे आहे.

स्पर्धांचे स्वरूप

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या ऑरेंज परगण्यात १९६८ साली तेथील शिक्षणाधिकारी रॉबर्ट पीटरसन यांनी दहा विषयांची एक आंतरशालेय स्पर्धा सुरू केली. पुढे १९८२ पासून ती राष्ट्रीय पातळीवर घेतली जाऊ लागली. कला, अर्थशास्त्र, निबंध, मुलाखत, भाषा व साहित्य, गणित, संगीत, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि वक्तृत्व हे तिचे दहा विषय होत. संघ नऊ जणांचा असतो. परंतु हे नऊही जण वर्गातील पहिल्या क्रमांकाचे असून चालत नाही. शालेय गुणांच्या सरासरीनुसार उच्च, मध्यम व सामान्य असे तीन गट पाडून प्रत्येक गटातून तीन विद्यार्थी घ्यावे लागतात. संघाचे गुण मोजताना प्रत्येक गटातील उत्तम दोघांचे गुण धरले जातात. त्यामुळे सामान्य गटातील विद्यार्थ्याचा एक गुण पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याच्या एका गुणाइतकाच मोलाचा ठरतो. आपल्याकडील शाळांनी हा नियम लक्षपूर्वक अभ्यासण्याजोगा आहे.

आंतरराष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड ही स्पर्धा २००४ साली जकार्ता येथे सुरू झाली आणि २०१३ साली ती पुणे येथे भरली होती. तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असे तीन विषय एकत्र असतात. देशाचा संघ सहा जणांचा असतो आणि प्रायोगिक परीक्षा तीन-तीन विद्यार्थ्यांच्या गटाने मिळून द्यावयाची असते. मध्य प्रदेशात पर्यटन मंडळाने शालेय विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या प्रश्नमंजूषेत शाळेचा संघ तिघांचा असतो. प्रथम लेखी फेरी होते आणि तीतून निवडलेले संघ मंचावरील फेरीत उतरतात. इतिहास, भूगोल, वनसंपदा, लोककला अशा अनेक अंगांनी राज्याची ओळख व्हावी, हा तिचा हेतू आहे.

संघाची निवड

संघ निवडताना वार्षिक परीक्षेचे गुणपत्रक हा एकमेव आधार मानू नये. एक साधे गणित येथे मार्गदर्शक ठरेल. तीन विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला १०० पैकी ६० प्रश्नांची उत्तरे येतात असे मानू. तिघांनाही नेमके तेच ६० प्रश्न येत असतील, तर संघाची शक्ती ६० वरच थांबते. प्रत्येकाचे ज्ञान दुसऱ्यावर अवलंबून नसेल, तर एकाही विद्यार्थ्याला उत्तर न येण्याची शक्यता ०.४ × ०.४ × ०.४ म्हणजे ०.०६४ इतकीच राहते आणि संघ सरासरीने सुमारे ९४ प्रश्न सोडवू शकतो. यावरून सारख्या आवडीचे तिघे हुशार निवडण्यापेक्षा भिन्न आवडीचे तिघे निवडणे अधिक हितावह ठरते, हे स्पष्ट होईल.

ज्या मुलाला गणितात जेमतेम गुण मिळतात, परंतु गावातील पिके, झाडे व पाखरे यांची बारीकसारीक माहिती असते, त्याला संघात स्थान मिळाले तर त्याचा शाळेकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलण्याचा संभव असतो. सराव शक्यतो शाळेच्या वेळेतच घ्यावा. शाळा सुटल्यावर सराव ठेवल्यास लांबच्या वस्तीतून पायी किंवा बसने येणारी मुले, आणि विशेषतः मुली, आपोआप वगळल्या जातात. ही गळती गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ वेळापत्रकामुळे होते, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवावे.

परिसर हाच पाठ

पूर्वतयारीसाठी महागडे प्रश्नसंग्रह आवश्यक नाहीत. एखादे ठिकाण निवडून त्याचा सर्व विषयांच्या अंगाने अभ्यास करणे ही सर्वांत फलदायी पद्धत होय. उदाहरण म्हणून इंदूर शहरातील कृष्णपुरा हा भाग घेता येईल. राजवाड्यापासून जवळच, कान्ह नदीच्या काठी होळकर घराण्यातील महाराणी कृष्णाबाई, महाराज तुकोजीराव (दुसरे) व महाराज शिवाजीराव यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्र्या येथे आहेत. या एका स्थळावरून पुढीलप्रमाणे अभ्यास उभा राहतो.

इतिहास : २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकर व इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला व इंदूर ही होळकरांची राजधानी बनली. अहिल्याबाईंच्या काळातील राजधानी महेश्वर ही नर्मदातीरी होती. राजधानी एका नदीच्या काठावरून दुसऱ्या नदीच्या काठी आल्याने व्यापार व दळणवळणात कोणते बदल झाले असतील, याची चर्चा विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी.

अर्थशास्त्र व गणित : तुकोजीराव (दुसरे) यांनी खंडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये, दरसाल दरशेकडा साडेचार व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. सरळव्याजाने वर्षाचे व्याज ४ लक्ष ५० हजार रुपये होते, हे आठवीचा विद्यार्थीही काढू शकेल. संस्थानिकाने सरकारला कर्ज का द्यावे आणि लोहमार्गामुळे माळव्यातील कापसाला कोणती बाजारपेठ मिळाली, हे त्यापुढचे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत.

भूगोल व विज्ञान : कृष्णपुऱ्याजवळ कान्ह व सरस्वती या प्रवाहांचा संगम होतो. कान्हचे पाणी क्षिप्रेत, क्षिप्रेचे चंबळेत, चंबळेचे यमुनेत व यमुनेचे गंगेत जाऊन अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. इंदूरच्या नागरिकांनी १९७० साली केलेल्या आंदोलनानंतर १९७८ मध्ये शहरात जे पाणी आले, ते मात्र नर्मदेचे, म्हणजे अरबी समुद्राकडे वाहणाऱ्या नदीचे होय. घरात वापरलेले हेच पाणी पुढे कान्हमार्गे पूर्वेच्या समुद्राकडे निघते. नर्मदेचे पात्र व इंदूर यांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक धरल्यास एक हजार लिटर पाणी चढविण्यास १००० × ९.८ × ४०० म्हणजे ३९ लक्ष २० हजार ज्यूल ऊर्जा किमान लागते. विजेच्या हिशोबाने ही सुमारे १.१ युनिट होते; प्रत्यक्षात पंप व नळ यांतील घट धरून ती याहून अधिक असते. नळ वाहता सोडणे म्हणजे वीजही वाया घालविणे होय, हे या हिशोबावरून विद्यार्थ्यास पटते. दूषित झालेल्या कान्ह नदीचा प्रश्नही मग त्याला पुस्तकातला वाटत नाही.

भाषा, साहित्य व कला : १९३५ या एकाच वर्षी इंदूरमध्ये मराठी साहित्य संमेलन भरले आणि महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही भरले. दोन भाषा एका शहरात शेजारधर्माने कशा नांदल्या, हा निबंधाचा उत्तम विषय आहे. उस्ताद अमीर खाँ यांची गायकी, चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांचे इंदुरातील कलाशिक्षण, १९२९ साली येथे झालेला लता मंगेशकर यांचा जन्म, राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी असण्यामागील रचनाविचार, असे कितीतरी धागे हाती लागतात.

खेडेगावातील शाळेला छत्र्या वा राजवाडा लागत नाही. गावची बारव, आठवडे बाजार, पाझर तलाव किंवा सहकारी दूध संस्था यांपैकी काहीही चालेल. बारवेच्या पायऱ्या मोजताना गणित येते, पाण्याची पातळी नोंदविताना भूगोल व विज्ञान येते, ती कोणी बांधली हे वृद्धांना विचारताना इतिहास व मुलाखतीचे तंत्र येते. या कामी ग्रामस्थांचे साह्य शिक्षकांना अमोल ठरेल.

भाषेची अडचण

इंदूरसारख्या ठिकाणी घरी मराठी, शाळेत हिंदी व संदर्भग्रंथात इंग्रजी अशी स्थिती अनेक विद्यार्थ्यांची असते. सीमाभागातही थोड्याफार फरकाने हेच आढळते. मराठीत जे ‘वस्तुमान’ ते हिंदीत ‘द्रव्यमान’; मराठीतील ‘मूलद्रव्य’ व ‘संयुग’ हे हिंदीत ‘तत्त्व’ व ‘यौगिक’ होतात; मराठीतील ‘कादंबरी’ हिंदीत ‘उपन्यास’ असते. ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ तर दोन्ही भाषांत अगदी निराळा आहे. उत्तर माहीत असूनही केवळ प्रश्नातील संज्ञा न कळल्यामुळे विद्यार्थी मागे पडणे हे अन्यायाचे होय. यास्तव प्रत्येक संघाने तीन रकान्यांची परिभाषा-वही ठेवावी व तीत दररोज पाच संज्ञांची भर घालावी.

बारा आठवड्यांचे नियोजन

पहिले दोन आठवडे स्पर्धेचे नियम समजावून घेणे, संघाची निवड व परिसरभेट यांसाठी राखावेत. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत विषयांचा अभ्यास करावा. येथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे योजलेली पद्धत उपयुक्त आहे. तीत पाठाचे भाग पाडून प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक भाग सोपविला जातो व त्याने तो इतरांना शिकवावयाचा असतो. वेगवेगळ्या वंशांची मुले एका वर्गात प्रथमच एकत्र आली असता त्यांच्यातील तेढ कमी व्हावी, यासाठी ही पद्धत योजलेली होती. प्रत्येकाजवळ दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी असल्यामुळे कोणी कोणास कमी लेखत नाही, हे तिचे मर्म होय.

नववा ते अकरावा आठवडा सरावासाठी असावा. वाचलेलेच पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणे अधिक परिणामकारक असते. रोडिगर व कार्पिक या संशोधकांच्या २००६ सालच्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर मात्र स्वतःची चाचणी घेणारे विद्यार्थी पुढे होते. म्हणून प्रत्येक घटकाची चाचणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने अशी तीन वेळा घ्यावी. तिचे गुण फळ्यावर न लावता ज्याचे त्याला सांगावेत.

वस्तुनिष्ठ प्रश्नांत अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हेही गणिताने ठरवावे. चार पर्याय, बरोबर उत्तरास ३ गुण व चुकीस १ गुण वजा अशी पद्धत असल्यास निव्वळ अंदाजाने सरासरी लाभ शून्य होतो. एक पर्याय खात्रीने चुकीचा आहे असे कळले, तर तो प्रश्नामागे एक तृतीयांश गुण होतो. अर्धवट ज्ञानाचाही विचारपूर्वक उपयोग करता येतो, हा धडा परीक्षेपुरता मर्यादित नाही.

मंचावरील फेरीसाठी उत्तर कोणी सांगावे, मतभेद झाल्यास कोणाचे मानावे व किती सेकंदांत निर्णय घ्यावा, हे संघाने आधीच ठरवावे. ज्याच्याकडे तो विषय आहे त्याचे मत अंतिम मानावे आणि उत्तर चुकल्यास त्याला दोष देऊ नये. बारावा आठवडा हलक्या उजळणीचा व विश्रांतीचा असावा.

दक्षता

सरावामुळे नेहमीच्या अभ्यासाची हेळसांड होत नाही ना, हे वर्गशिक्षकांनी पाहावे. संघाने जमविलेली टिपणे, परिभाषा-वही व परिसराचा नकाशा शाळेच्या ग्रंथालयात ठेवावा, म्हणजे पुढील वर्षीच्या संघास नव्याने आरंभ करावा लागणार नाही. स्पर्धा संपल्यावर संघातील प्रत्येकाने आपल्या वर्गात एक तास घेऊन मिळविलेले ज्ञान इतरांस द्यावे. अधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी किती ढाली मिळाल्या एवढेच न विचारता संघात कोणत्या वस्त्यांतील व कोणत्या गुणगटांतील मुले होती, हेही आवर्जून पाहावे.

स्पर्धेत एकच संघ पहिला येतो. बाकीच्या शाळा रिकाम्या हाताने परततात. परंतु आपल्या नदीचे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे ज्या विद्यार्थ्यास समजले आणि ते दुसऱ्यास समजावून सांगता आले, त्याच्या शाळेची तयारी सार्थकी लागली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.