कुर्ल्याची पद्मिनी : जुनी गाडी उभी करताना

कुर्ला पश्चिमेला 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स रोड' नावाचा एक रस्ता आहे. हा प्रीमियर कोण, असं मी दरवर्षी वर्कशॉपच्या पहिल्या तासाला विचारतो. "सर, थिएटर असेल," हे उत्तर आजवर सगळ्यात जास्त वेळा मिळालंय. थिएटर नव्हे, मोटारींचा कारखाना! तिथे तयार झालेली १९८७ सालची एक प्रीमियर पद्मिनी गेली सहा वर्षं रविवारी-रविवारी मी दुरुस्त करतोय. त्यातून जे शिकलो ते तुमच्यापुढे मांडावं, म्हणून हा लेख. जर्नलमध्ये उतरवून काढायला याचा उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

थोडा इतिहास

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. सुरुवातीला क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्यांची इथे जुळणी व्हायची. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ साली 'फियाट ११००' आली आणि १९६४ साली तिची 'डिलाइट' ही आवृत्ती. हीच गाडी १९७० च्या दशकात आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० सालच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत मात्र काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती धावत राहिली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या तेवढ्या उरल्या.

माझे वडील या कारखान्यात पेंट शॉपमध्ये होते. आज ते ८१ वर्षांचे आहेत. आमची गाडी त्यांनी निवृत्तीनंतर सेकंडहँड घेतली आणि नंतर ती बरीच वर्षं चाळीच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. भंगारवाल्याने भाव सांगितला, तोही किलोवर. घरात सगळ्यांचं मत 'देऊन टाका' असंच होतं. वडील काहीच बोलले नाहीत, फक्त खाली जाऊन ताडपत्रीची दोरी पुन्हा घट्ट बांधून आले. तेव्हा मी काम हाती घेतलं.

पहिला धडा : आधी बघा, मग उघडा

आपल्याला स्पॅनर हातात आला की नट फिरवायची घाई होते. तसं करू नका. आधी फोटो काढा, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर द्या, आणि सुटलेले नट-बोल्ट ज्या भागाचे असतील त्याच्या नावाच्या पिशवीत ठेवा. हॉस्टेलवर फरसाणच्या बरण्या रिकाम्या होतच असतात, त्या याला उत्तम.

इंजिनाचं दुखणं न उघडता कळू शकतं. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. कॅल्क्युलेटर काढा आणि घनफळ मोजा, १०८९ सीसी येईल. बंद पडलेल्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं, सुरू झालं, गरम झालं, की मग कॉम्प्रेशन टेस्ट. चारही प्लग काढायचे, इग्निशनची जोडणी सोडवायची, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि गेज लावून इंजिन फिरवायचं. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले तर बरं. एखादा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एका चमच्यात निदान! आमच्या गाडीत दोन आणि तीन नंबर, हे शेजारी-शेजारचे सिलिंडर खाली होते आणि ऑइल टाकूनही जागचे हलले नाहीत. शेजारचे दोन एकदम पडले की पहिला संशय गॅस्केटवर.

दुसरा धडा : हेड का वाकतं?

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. अॅल्युमिनियमचा प्रसरणांक बिडाच्या साधारण दुप्पट. ४० सेमी लांबीचे दोन तुकडे घ्या आणि तापमान ७० अंशांनी वाढवा. अॅल्युमिनियम सुमारे ०.६४ मिमी वाढेल, बीड सुमारे ०.३१ मिमी. म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा फरक, आणि तो सांभाळायचा बिचाऱ्या गॅस्केटने. रेडिएटर चोंदला, पाणी कमी पडलं, इंजिन तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जळतं. म्हणून हेडचे नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे. आणि गॅस्केट बदलण्याआधी रेडिएटर साफ करायचा. कारण तसंच ठेवून लक्षण दुरुस्त केलं तर सहा महिन्यांनी तोच व्हायवा पुन्हा.

तिसरा धडा : ब्रेक आधी, गाडी चालवणं नंतर

इंजिन सुरू झालं की गल्लीत एक फेरी मारायचा मोह होतो. आवरा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. त्या ओलीने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत जुनं ऑइल काढून टाकणं, रबरी वॉशर आणि होज बदलणं आणि मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढत येणं, एवढं केल्याशिवाय गाडी हलवू नये. आणखी एक. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा.

चौथा धडा : गंज

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पत्रा किंवा फ्लोअर सडला तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. वरून पुट्टी भरून रंग मारला तर गाडी चकाचक दिसेल, पण ताकद शून्य. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, आतून-बाहेरून प्रायमर मारायचा आणि पाणी निघून जाण्याची भोकं मोकळी ठेवायची.

लहान लोखंडी भागांसाठी कॉलेजात सहज करता येण्यासारखा प्रयोग सांगतो. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा घ्या. गंजलेला भाग बारा व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला जोडा आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज सुटा होतो आणि चांगलं लोखंड जागच्या जागी राहतं. पथ्यं मात्र पाळा. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन निघतो. अॅल्युमिनियमचा भाग बादलीत घालू नका, सोडा त्याला खातो. स्प्रिंगसुद्धा नको, हायड्रोजन आत शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं.

पाचवा धडा : आजचं पेट्रोल

ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, इथेनॉल नसायचं. २००० सालापासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि आता वीस टक्के इथेनॉल असलेलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, ओल ओढून घेतं आणि टाकीत साठलेला कचरा सोडवून कार्ब्युरेटरकडे पाठवतं. म्हणून पेट्रोलचे होज आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारे लावायचे, फिल्टर बसवायचा आणि टाकी महिनोन् महिने भरून ठेवायची नाही. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं. कार्ब्युरेटर हे आपोआप सावरत नाही, त्याचं ट्युनिंग तुम्हालाच करावं लागतं.

सामान आणि माणसं

सुट्या भागांसाठी माझी वारी सी.एस.टी. रोडच्या भंगार बाजारात. (इथे सी.एस.टी. म्हणजे रेल्वे टर्मिनस नव्हे, सेंट्रल साल्सेट ट्रामवे!) टॅक्स्या होत्या तोवर पद्मिनीचं सामान खपायचं, आता दुकानदार ठेवायला तयार नाहीत. पण भागांपेक्षा मोठा तुटवडा माणसांचा. पॉइंटमधलं अंतर जमवणारे, हातोडीने पत्रा सरळ करणारे टिंकर आता साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. एका चाचांनी मला स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून टॅपेटचा आवाज ओळखायला शिकवलं. वडिलांना आता ऐकू कमी येतं, तरी बोनेटवर तळहात ठेवून ते सांगतात, "एक सिलिंडर मागे पडतोय." मी प्लग काढून बघतो, तर असतंच तसं.

कागदपत्रं

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर आणि पीयूसी. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पण तिला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. शिवाय ती रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच. आमची गाडी त्यात बसायला २०३७ उजाडेल. त्यामुळे मे २०२७ ला नोंदणी संपण्याआधी ती सरळ तपासणीत पास झाली पाहिजे. ब्रेक झाले, हेड झालं, डावीकडचा फ्लोअर झाला. उजवीकडचा पत्रा, वायरिंग आणि रंग बाकी आहे. रंगाचा गन मी धरणार नाही. तो वडील धरणार, असं ठरलंय, आणि त्यांचा हात स्थिर आहे तोवर ते व्हावं एवढीच माझी घाई.

तेव्हा मित्रांनो, गाडीच पाहिजे असं नाही. गावी गोठ्यात पडलेली लूना असेल, आजोबांची बजाज चेतक असेल, तिच्यापासून सुरुवात करा. चौघांनी मिळून करा, खर्च वहीत लिहा, सेमिस्टरच्या काळात काम बंद ठेवा (केटी लागली तर माझं नाव सांगू नका). आणि उजव्या बाजूच्या फ्लोअरसाठी मला वेल्डिंग येणारे दोन जण हवे आहेत. रविवारी सकाळी नऊ वाजता, वर्कशॉपच्या दारात या. जुने कपडे घालून या. चहा-वडापाव माझ्याकडून.