बाटलीनं भरलेलं पोट

आमच्या जुन्या घरात माजघराच्या दारामागे एक कोपरा आहे. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर तिथल्या भिंतीचा चुना निघाला होता. ओल आली असेल, दिवाळीला रंग देताना बघू, असं आम्ही म्हणत होतो. एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि माझी लेक चिऊ बराच वेळ गप्प होती. जाऊन बघितलं तर पोरगी दारामागे उभी राहून नखानं पोपडा काढत होती. ओठांवर पांढरी भुकटी होती. तिनं तो पोपडा अगदी सवयीनं तोंडात टाकला.

ती तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. कराडजवळचं आमचं गाव, गोठ्यात दोन म्हशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ‘दुधावर वाढलेलं पोर’ हे आमच्या घरात कौतुकानं बोललं जायचं, आणि चिऊ दिसायलाही गुटगुटीत होती. फक्त जेवायची नाही. दोन घास खाल्ले की मान फिरवायची. मग रिकाम्या पोटी कशाला ठेवायचं, म्हणून आम्ही पुन्हा दुधाची बाटली पुढे करायचो.

भिंत खाते म्हटल्यावर तिला घेऊन बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, तळहात आपल्या तळहाताशेजारी धरला. तो कागदासारखा पांढरा होता. मी तिच्या जेवणाचं सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, “खाते किती ते नंतर सांगा. आधी ती पिते काय काय, ते सांगा. सकाळी उठल्यापासून.”

मी बोटं मोजत सांगायला लागले. उठल्या उठल्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या मांडीवर बशीतला चहा आणि बिस्किट. मग अडीचशे मिलिलिटरची दुधाची बाटली, त्यात साखर आणि उंची वाढवणारी म्हणून आणलेली चॉकलेटची पावडर. दुपारी झोपताना एक, उठल्यावर एक, रात्री झोपताना एक, आणि मध्यरात्री रडली की आणखी एक. संध्याकाळी मी शाळेतून येताना आंब्याच्या रसाचा छोटा खोका. सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला. सव्वा लिटर दूध, चहा आणि साखरेचं पाणी! एवढं पोटात गेल्यावर भाकरीला जागा कुठून राहणार?

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 7.4 आलं. या वयात ते 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. माती, खडू, चुना खावासा वाटणं हे पुष्कळदा लोह कमी असल्याचंच लक्षण असतं, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी तिचा वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी पडले होते. मी त्याला दुधाचे डाग समजत होते.

दुधानं रक्त कसं कमी होतं?

हा प्रश्न सगळ्यात आधी माझ्या सासूबाईंनी विचारला, आणि तो रास्त होता. दूध वाईट नाही. त्यात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत. पण लिटरभर दुधात लोह एक-दीड मिलिग्रॅमच्या वर नसतं, आणि या वयाच्या मुलाला दिवसाला आठ मिलिग्रॅम लागतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. चहातला टॅनिनही तेच करतो. म्हणजे आम्ही एका हातानं जेवणाची जागा भरून टाकत होतो आणि दुसऱ्या हातानं जे थोडंफार खाल्लं जात होतं, तेही वाया घालवत होतो.

त्याच्याही आधीची चूक माझी होती. रजा संपली तेव्हा चिऊ सात महिन्यांची होती. मी शाळेत जायला लागले आणि अंगावरच्या दुधाऐवजी दिवसभर म्हशीचं दूध पाणी घालून सुरू केलं. वर्षाच्या आत वरचं दूध हेच मुख्य दूध झालं, तर लोहाची कमतरता तेव्हापासूनच सुरू होते.

दातांचं कारणही बाटलीच. झोपेत लाळ कमी सुटते आणि बोंडीतून आलेलं गोड दूध वरच्या दातांवर साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. चिऊचे खालचे दात अगदी स्वच्छ होते.

हे आमच्या एका घरातलं दुखणं नाही. 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 53.8 होता. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत, पण बाटली आणि बशी ही दोन आपल्या हातातली आहेत.

कुठल्या वयात काय द्यावं?

डॉक्टरांनी सांगितलेलं आणि नंतर मी स्वतः वाचून पडताळलेलं इथे क्रमानं देते.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. उन्हाळ्यातसुद्धा वरून पाणी नको, कारण आईच्या दुधात जवळजवळ 87 टक्के पाणीच असतं. साखरपाणी नको, घुटी नको. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. आईचं दूध पुरत नसेल किंवा देता येत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं बाळासाठीची दूध पावडर डब्यावरच्या मापानंच करावी. जास्त दिवस पुरावी म्हणून पातळ करू नये.

सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालूच ठेवावं आणि सोबत वरचं अन्न सुरू करावं. आता घासाबरोबर उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं चालतं. इथे आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे वरणाचं नुसतं पाणी आणि भाताची पेज. त्यानं पोट भरतं, सत्त्व मात्र डाळीतच राहतं. डाळ-भात मऊ शिजवून घोटावा, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका घट्ट. रस काढण्यापेक्षा फळ कुस्करून द्यावं.

वर्षानंतर गाईचं किंवा म्हशीचं दूध द्यायला हरकत नाही, पण दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर नको. म्हणजे दोन पेले. तेही जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये, जेवणाच्या बदल्यात नाही. तहानेला पाणी. घरचं ताजं, गोडं ताक चांगलं. शहाळं कधीमधी द्यावं. बिनसाखरेची नाचणीची आंबील चमच्यानं भरवावी. लिंबू थेंबभर वरणात पिळलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

साखर दोन वर्षांपर्यंत घालूच नये, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहारसूचनांमध्ये सांगितलं आहे. फळांचा रस दोन वर्षांच्या आत नको आणि पाच वर्षांपर्यंत दिला तरी दिवसाला सव्वाशे मिलिलिटरपर्यंतच. चहा-कॉफी पाच वर्षांच्या आत अजिबात नको, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत आहे.

खोक्याची मागची बाजू वाचा

मी रोज आणत होते त्या खोक्याच्या पुढच्या बाजूला पिकलेल्या आंब्याचं चित्र होतं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, शंभर मिलिलिटरमध्ये तेरा ग्रॅम साखर. खोका दोनशेचा, म्हणजे सव्वीस ग्रॅम. चहाच्या चमच्यात साधारण चार ग्रॅम मावते. त्या रात्री मी ओट्यावर एक वाटी ठेवून त्यात साडेसहा चमचे साखर मोजून टाकली आणि घरात सगळ्यांना दाखवली. आप्पा बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. तो खोका आमच्या घरात पुन्हा आला नाही.

दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची गोष्टच नाही. डब्यावर उंचीची पट्टी छापली म्हणून उंची वाढत नाही.

आणखी एक गोष्ट. चिऊला जुलाब लागले होते तेव्हा दुकानातून संत्र्याच्या चवीचा एक खोका आणला होता. त्यावर ‘ओआरएस’ ही अक्षरं होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण ते गोड पेय होतं, जलसंजीवनी नव्हती. जुलाबात जास्तीची साखर पोटात गेली तर जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. जलसंजीवनीच्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलं आहे ना, हे बघा, आणि पुडी सांगेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवा. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्या.

बाटली कशी सुटली?

सोपं गेलं नाही. तीन रात्री चिऊ रडली आणि तिच्याबरोबर मीही. मध्यरात्री दुधाऐवजी पेल्यातून पाणी द्यायचं, एवढंच ठरवलं होतं. चौथ्या रात्री ती उठली, दोन घोट पाणी प्यायली आणि झोपली. मला तेव्हा कळलं की ती भुकेनं उठत नव्हती, सवयीनं उठत होती.

सासूबाईंनी माळ्यावरून बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढून दाखवलं. बाटल्या यायच्या आधी घरोघरी वाटी-चमचा आणि बोंडलंच होतं. ते धुवायला सोपं, आणि बाळाच्या तोंडात तासन्‌तास राहत नाही. आप्पांना चहाचं कोण सांगणार, याची मला धास्ती होती. पण मी डॉक्टरांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “आप्पा, तुमचं ती ऐकते. तुम्हीच काय ते करा.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहा ती उठायच्या आत घ्यायला सुरुवात केली आणि तिच्यासाठी छोट्या पितळी फुलपात्रात पाणी भरून ठेवायला लागले. घरातल्या मोठ्यांना दोष दिला असता, तर हे झालं नसतं. त्यांनी जे दिलं ते मायेनंच दिलं होतं.

लोहाचं औषध काही महिने चाललं. ते दुधाबरोबर द्यायचं नसतं, हे लक्षात ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं सिरप सरकारी योजनेतून आशाताईंकडे मोफत मिळतं. तेही विचारून घ्या.

दूध दोन पेल्यांवर आलं आणि पंधरा दिवसांत चिऊ स्वतःहून ताटाजवळ येऊन बसली. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.3 आलं. भिंतीकडे ती पुन्हा गेली नाही. दोन दात मात्र काढावे लागले.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर एक कराच. उद्या एक दिवस ते उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पितं, ते मापासकट कागदावर लिहा. मी ते लिहिलं असतं, तर मला भिंतीनं सांगेपर्यंत थांबावं लागलं नसतं.