पाळी पुढे ढकलण्याआधी, ऐक ना

अगं, नवरात्र जवळ आलं की आपल्या नाशकात मेडिकलवर एक गोळी हळू आवाजात मागितली जाते. वणीच्या गडावर जायचंय, घरी घट बसायचेत आणि पाळीची तारीख नेमकी तीच. मग कुणीतरी मैत्रीण नाव सांगते आणि नॉरएथिस्टेरॉनची पट्टी पर्समध्ये येते. देवीला पाळीचा विटाळ नसतो, असं मला मनापासून वाटतं. पण ते तुझं तू ठरव. गोळी मात्र साधी समजू नकोस. दिवसातून तीनदा घेतली की तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे झुकतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा धोकाही हाच.

धोका केवढा? गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १० हजार बायकांपैकी वर्षभरात साधारण दोघींना गुठळी होते. माला-एनसारख्या गोळीने ५ ते ७ जणींना, आणि पीसीओडीसाठी देतात त्या ड्रॉस्पिरेनोनच्या गोळीने ९ ते १२ जणींना. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका याहून खूप जास्त असतो. तेव्हा घाबरून चालू पाकीट फेकू नकोस.

पण पूर्वी गुठळी झालेली असेल, अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येत असतील, पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असशील किंवा नुकतीच बाळंत झाली असशील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही गोळी नको. मूल नको म्हणून गोळी घेत असशील, तर तांबीत हार्मोन नसतं, तिचं विचार. आईला, मावशीला कधी पायात गुठळी झाली होती का, तेही आजच फोन करून विचार. आपल्या घरांत हे कुणी आपणहून सांगत नाही.

गड उतरल्यावर दोन्ही पाय भरून येणं वेगळं, गुठळी वेगळी. एकच पोटरी सुजली, गरम लागली, पाय टेकवेना, तर तेल लावून चोळू नकोस. त्याच दिवशी डॉक्टर गाठ, डॉपलर सोनोग्राफीत गुठळी कळते. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, तर ॲसिडिटी म्हणून अंगावर काढू नकोस. मध्यरात्र असली तरी सिव्हिल गाठ, नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल.

तिथे पहिल्यांदा गोळीचं सांग. लग्न झालेलं नसो, सासूबाई शेजारी उभ्या असोत, लाजून लपवू नकोस. नाव आठवत नसेल तर पट्टीच डॉक्टरांच्या हातात दे.