ऑक्टोबर छाटणीनंतरचे बोर्डो मिश्रण : द्रावण, निलंबन आणि कलिल

नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी आटोपून कोवळी फूट बाहेर पडू लागली, आणि परतीच्या पावसाची एखादी सर आली किंवा पहाटेचे दाट दव त्याच सुमारास पानांवर टिकून राहिले, म्हणजे केवडा रोगाच्या बुरशीस अत्यंत अनुकूल असा काळ सुरू होतो, व बागाईतदार बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना यांची तजवीज करू लागतात. वजनात सहसा कसूर होत नाही; कसूर होते ती कृतीत, कारण पिंपात जे सिद्ध व्हावयाचे त्याचे स्वरूपच पुरते ध्यानी घेतलेले नसते.

मोरचूद पाण्यात विरघळले की त्याचे कण इतके सूक्ष्म होतात की ते गाळणीने अडत नाहीत आणि कितीही काळ ठेवले तरी तळाशी बसत नाहीत, हे द्रावण. विरवलेल्या चुन्याचे दूध ढवळणे थांबताच खाली बसू लागते, हे निलंबन. या दोहोंच्या दरम्यान, सुमारे 1 ते 1000 नॅनोमीटर आकाराच्या कणांचे कलिल असते, ज्यातून प्रकाशाचा झोत सोडला असता त्याचा मार्ग स्पष्ट दिसतो.

बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांनी 1885 साली प्रसिद्ध केलेल्या या मिश्रणाचे मर्म असे की, एक द्रावण व एक निलंबन यांच्या संयोगातून कलिलाच्या जवळ जाणारा, आकाशी रंगाचा, मऊ व सरसासारखा साका निर्माण होतो. मोरचुदाचे निव्वळ द्रावण फवारले तर त्यातील मोकळे ताम्र कोवळी पाने करपवून टाकील. भरड कणांचे निलंबन पहिल्याच पावसात धुऊन जाईल. हा सूक्ष्म साका मात्र पानावर वाळून पातळ पापुद्र्यासारखा चिकटून राहतो आणि ताम्र थोडेथोडे मोकळे करतो.

म्हणून एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, लाकडी, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवावे, लोखंडी भांडे कदापि वापरू नये. 1 किलो कळीचा चुना निराळ्या भांड्यात, हात व डोळे सांभाळून विरवावा, 50 लिटर पाण्यात कालवून फडक्यातून गाळावा आणि पूर्ण थंड झाल्यावरच मोरचुदाचे द्रावण सावकाश, सतत ढवळीत त्यात ओतावे. दोन्ही दाट असताना एकत्र केली तर साका भरड होतो व पुढे कितीही पाणी घातले तरी तो सुधारत नाही. फूट अगदी कोवळी असता तीव्रता निम्म्यावर आणणे हिताचे. घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ धरावा; त्यावर तांबूस थर चढला तर ताम्र अद्याप मोकळे आहे असे समजून चुन्याचे दूध वाढवावे.

हा साका फार काळ टिकत नाही. तासांमागून तास गेले की त्याचे कण स्फटिकरूप घेऊ लागतात व चिकटण्याची शक्ती ओसरते; सबब मिश्रण त्याच दिवशी संपवावे, उरलेले दुसऱ्या दिवशी ढवळून वापरण्याचा मोह टाळावा. बुरशीचा प्रवेश पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून होत असल्याने फवारा तेथवर पोचलाच पाहिजे.

मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची भुकटी मात्र पाण्यात निलंबनच राहते; ती फवारावयाची असल्यास आधी थोड्या पाण्यात कालवून मगच पिंपात सोडावी आणि फवारणी संपेपर्यंत ढवळणी चालू ठेवावी, नाहीतर काही ओळींना औषधाचा अतिरेक व काहींना जवळजवळ नुसते पाणी मिळेल.