शीर सापडत नाही!

गेल्या पावसाळ्यात आईला जुलाब-उलट्यांनी हैराण केले. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावण्यासाठी सिस्टरने तीनदा सुई टोचली. शीर काही सापडेना. आई पुटपुटली, "माझ्या अंगात रक्तच उरलं नाही रे." मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, पण तिला काय सांगावे ते मला सुचले नाही. मागाहून ग्रंथालयात शरीरशास्त्राची पुस्तके चाळली, तेव्हा जे उमगले ते येथे मांडतो.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी व परत आणणाऱ्या त्या नीला. सलाईनची सुई जाते ती नीलेत. नीलेची भिंत पातळ व लवचिक असते. शरीरातील सुमारे दोन तृतीयांश रक्त एका वेळी नीलांतच असते. ते मागे घसरू नये म्हणून हातापायांच्या नीलांत झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू नीलांना पिळतात आणि रक्त वर चढते.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपल्या ग्रंथात रक्ताभिसरण मांडले. त्याचा प्रयोग साधा होता. दंड बांधून फुगलेली शीर एका बोटाने दाबायची व दुसऱ्या बोटाने तेथून पुढचे रक्त कोपराच्या दिशेने झडपेपलीकडे सारायचे. तेवढा भाग रिकामाच राहतो. पहिले बोट उचलताच भरतो. म्हणजे रक्ताची वाट एकाच दिशेची.

मग काहींच्या शिरा बारीक का? कुणाची ठेवण जन्मतःच तशी असते. लहान मुलांच्या शिरा लहानच. कुणाच्या त्वचेखाली चरबी जास्त, म्हणून त्या खोल दडलेल्या. वारंवार सुया टोचलेल्या शिरा निबर होतात. शिवाय थंडीने, भीतीने वा अंगातले पाणी कमी झाल्याने चांगली शीरही आकसते. एरवी खुरपताना आईच्या हातावर शिरा टरारून फुगत. त्या दिवशी त्याच लपल्या. तिचे रक्त संपले नव्हते, पाणी आटले होते.

अखेर सिस्टरने तिचा हात खाली सोडायला लावला, कोमट फडक्याने शेकला, आणि चौथ्या खेपेस सुई लागली.

आईला हे सारे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस? उगीच भ्याले मी."

मित्रहो, आपल्याही घरी कुणी असे भ्यायले, तर निदान एवढे सांगता यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.