हार्डडिस्कचे लपलेले कप्पे आणि आपली खातेवही



दुकानाच्या हिशेबासाठी ५०० जीबीची हार्डडिस्क असलेला संगणक घेतला आणि पडद्यावर सुमारे ४६५ जीबीच दिसले, तर विक्रेत्याने मापात मारले असा संशय येतो. तसे नसते. डिस्क बनविणारे १०० कोटी बाइटला एक जीबी म्हणतात. विंडोज १०७ कोटी ३७ लाखांहून अधिक बाइटला एक जीबी धरते. माल तोच, माप वेगळे.

मात्र त्या ४६५ पैकीही काही जागा 'सी' ड्राइव्हमध्ये मिळत नाही. ती कोठे जाते, हे आज आपण पाहू.

डिस्कच्या भागांना पार्टिशन म्हणतात. स्टार्ट बटणावर माऊसची उजवी कळ दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'सी'च्या आजूबाजूला अक्षर नसलेले लहान कप्पे दिसतील. पहिला 'ईएफआय सिस्टम' कप्पा, बहुधा १०० ते ३०० एमबीचा. संगणक सुरू होताना विंडोज कोठून उचलायची, हे यंत्राला येथूनच कळते. दुसरा 'रिकव्हरी' कप्पा, काहीशे एमबीचा. विंडोज बिघडली की दुरुस्तीची हत्यारे यातून निघतात. शिवाय १६ एमबीचा एक राखीव कप्पा असतो, तो या यादीतही दिसत नाही. काही कंपन्या कारखान्यातील मूळ विंडोजची नक्कल ठेवण्यासाठी आणखी काही जीबीचा कप्पा राखतात.

जागा वाढविण्याच्या मोहाने हे कप्पे पुसू नयेत. सिस्टम कप्पा गेला तर संगणक सुरूच होणार नाही. रिकव्हरी गेला तर दुरुस्तीची सोय जाईल. पदरात पडणार जेमतेम एखादा जीबी.

पण खरा धोका गैरसमजाचा आहे. 'रिकव्हरी' म्हणजे आपल्या खात्यांची नक्कल नव्हे. त्यात विंडोजच्या दुरुस्तीचे सामान असते, आपली उधारी नसते. उलट कारखान्यासारखी मूळ स्थिती आणताना 'सी'वरील खाती, बिले पुसली जातात. 'फाइली ठेवा' हा पर्याय निवडला तरी आपण टाकलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर निघून जाते. आणि डिस्कच जळाली, तर कप्पेही तिच्याबरोबर जातात.

म्हणून दोन कामे करावीत. किमान १६ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजमधील 'रिकव्हरी ड्राइव्ह' बनवून ठेवावा. त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते, हे लक्षात असू द्यावे. दुसऱ्या पेनड्राइव्हवर रोज दुकान वाढविताना खात्यांची नक्कल घ्यावी आणि ती घरी न्यावी.

सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीची उधारी लिहून ठेवण्याची ताकीद आहे. गिऱ्हाइकाची जमा, कारागिराची मजुरी, जकातीचा हिशेब या साऱ्या अमानती आहेत. लिहिलेले जपणे हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे, असे आम्ही समजतो.