तालमीतून मुष्टियुद्धाकडे

सोलापुरात पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आज वस्तीची वा मंडळाची ओळख म्हणून अधिक परिचित आहेत. तथापि त्यांतील ‘तालीम’ हा शब्द एका जुन्या शिस्तीची साक्ष देतो. पहाटे उठावे, अंगाला माती लावावी, वस्तादांनी सांगितलेले जोर-बैठकांचे आकडे पुरे करावे आणि मगच हौद्यात उतरावे, असा तेथील परिपाठ असे. मुष्टियुद्धाकडे वळू पाहणाऱ्या युवकाने हा क्रम नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण नवोदिताची सर्वांत मोठी चूक येथेच होते. हातमोजे मिळताच त्याला प्रतिस्पर्धी हवा असतो.

ठोसा हा हाताचा व्यापार आहे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. मागच्या पायाने जमीन रेटली जाते, ते बळ कमरेच्या वळणातून खांद्यात येते आणि मूठ ते केवळ पोहोचविते. सोलापूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्री सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. तो उंच ध्वज पेलणाऱ्या मानकऱ्याकडे लक्षपूर्वक पाहावे. भार कमरेवर आणि पायांवर असतो. हात फक्त तोल सांभाळतात. यात्रेपूर्वी त्याचा सराव चालतो, तो उगीच नव्हे. बैठकांनी मांड्या व जोरांनी खांदे आणि पाठ जी तयार होते, ती मुष्टियोद्ध्याचीही ठेव होय.

मात्र तालमीची मेहनत जशीच्या तशी पुरेशी नाही. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची सवय नसताना त्यांनी सहावे स्थान मिळविले आणि नव्या तंत्राची जोड देऊन १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकाविले. मुष्टियुद्धाची मागणीही स्वतंत्र आहे. हौशी लढतीत प्रौढांसाठी तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या व मध्ये एकेका मिनिटाची विश्रांती असते. त्या एका मिनिटात श्वास पूर्ण स्थिरावत नाही. तो जितका लवकर सावरेल तितका तिसऱ्या फेरीत हात वर राहील. यासाठी पहिले कित्येक आठवडे संथ धावणे ठेवावे, आणि तेही सोबत्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने. दोरीवरच्या उड्या, मग पिशवीवरील तीन मिनिटांचा सराव, अशी वाढ हळूहळू करावी. स्नायू लवकर बळावतात, पण त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे मागाहून तयार होतात. मनगट व खांदा दुखावतो तो बहुधा या घाईमुळे. तंत्राचा सराव शरीर ताजे असताना घ्यावा. दमलेला हात चुकीचे वळण शिकतो आणि ते वळण पुढे सुटता सुटत नाही.

आता एका अधिक गंभीर बाबीविषयी. वजनगटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी वर्ज्य करावे, अंगावर रबरी वा प्लॅस्टिकचे कापड चढवून धावावे, असा सल्ला मुलांना सर्रास दिला जातो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात हा सल्ला जीवावर बेतू शकतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर अशाच रीतीने वजन घटविताना दगावले आणि त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. पन्नास किलो वजनाच्या मुलाने घामावाटे एक किलो गमावले तरी त्याचा दम व लक्ष दोन्ही घटू लागतात. वजन उतरवावयाचेच असेल तर ते आठवड्यांच्या हिशेबाने, आहारातून उतरवावे. अन्यथा वरच्या गटात खेळावे. वाढत्या वयाच्या मुलाला तर वरचा गटच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत सराव सूर्योदयाच्या सुमारास उरकावा आणि पाण्याची बाटली जवळ असावी. सरावात पाणी पिणे हा दुबळेपणा मानणारे वस्ताद अजूनही भेटतात. त्यांच्या अनुभवाचा आदर राखूनही ही समजूत मात्र सोडावी लागेल.

डोक्याला लागलेल्या माराचेही तसेच आहे. शिरस्त्राणाने जखमा कमी होतात, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. २०१३ पासून प्रौढ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांतून ते काढलेही गेले. सरावात मात्र ते असावेच. ठोशानंतर मुलगा गोंधळला, त्याला मळमळ झाली, डोके दुखू लागले वा आताच काय घडले हे त्याला सांगता आले नाही, तर त्या दिवशी त्याला पुन्हा रिंगणात उतरवू नये. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर प्रथम चालणे, मग धावणे, नंतर पिशवी आणि सर्वांत शेवटी प्रतिस्पर्धी, असा क्रम ठेवावा. पालकांनी मुलाचे नाव घालण्यापूर्वी प्रशिक्षकांना नेमके हेच विचारावे की, मार लागलेल्या मुलाला तुम्ही किती दिवस बसवून ठेवता?